बंदुकीला आलेलं गळू

आमच्या घरात बंदूक आली ती तराजूमुळं. आमचं लिंगवंतांचं घर. लोहाऱ्यापासून दोन कोसांवर गाव, गावात आमची धान्याची आडत, थोडी शेती. घरात ढेकूण मारायचा झाला तरी सासूबाई आधी ‘शिवशिव’ म्हणायच्या. अशा घराला बंदुकीचं काय काम? पण निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात नोकरी केलेला एक गोरा इंजिनियर परंड्यालाच म्हातारा होऊन वारला. मागं वारस कुणी नव्हता, म्हणून त्याच्या सामानाची हर्रास निघाली. त्या लिलावात विलायती तराजू आहे अशी बातमी आमच्या मालकांच्या कानावर आली आणि ते तडक परंड्याला जाऊन बसले.

तिथं पुकारणाऱ्यानं तराजूच्या गळ्यात एक लांबट पेटी बांधली होती. तराजू हवा तर पेटीही घ्या. पेटीला कुलूप, किल्लीचा पत्ता नाही. मालकांनी पेटी उचलून पाहिली, लांबी पाहिली, आणि आत तराजूची जास्तीची दांडी असणार असं ठरवून टाकलं. माझ्या नवऱ्याला जगात जे काही लांब आणि जड असेल ते तराजूचंच वाटायचं.

घरी आल्यावर लोहारानं कुलूप तोडलं. आत हिरवी मखमल, मखमलीत बंदूक, आणि कोपऱ्यातल्या डबीत अठरा काडतुसं. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई दोन पावलं मागं सरल्या आणि मग पुढं होऊन त्यांनी बंदुकीला हळदकुंकू लावलं. घरात नवी वस्तू आली की हळदकुंकू लावायचं, मग ती म्हैस असो की तोफ.

परवाना काढायला मालक कचेरीत गेले तेव्हा पेशकारानं विचारलं की शिकार कशाची करणार. मालक म्हणाले, कशाचीच नाही. पेशकारानं लेखणी खाली ठेवली. शिकार न करणाऱ्याला बंदूक द्यायचा रकाना त्याच्या कागदात नव्हता. त्यानं आपणहून रानडुक्कर सुचवलं, मालकांनी कानाला हात लावले. शेवटी ‘पिकाची राखण’ असं लिहून दोघांनी एकमेकांची सुटका करून घेतली.

बंदूक नेहमीची नव्हती. एका वेळी एकच काडतूस घालायचं, खालची कडी ओढली की तोंड उघडायचं. नळी आठ पैलूंची आणि इतकी जड की ती खांद्याला लावून रानात हिंडणं माणसाच्या बसचं नव्हतं. मागच्या बाजूला रुपयाएवढी एक चकती उभी होती, तिच्या मधोमध सुई जाईल एवढं भोक. त्या भोकातून बघून नेम धरायचा. आणि खांद्याला टेकायच्या लाकडावर, उजव्या अंगाला, एक गुळगुळीत उंचवटा होता, चांगला बशीएवढा. पेटीच्या झाकणाला आतून एक जाड कागद चिकटवला होता. त्यावर काळं वर्तुळ आणि वर्तुळाच्या पोटात पाच भोकं, एकमेकाला खेटून.

“कसर लागलीय कागदाला,” मालक म्हणाले आणि त्यांनी पेटीत कडुनिंबाचा पाला घातला.

मग त्यांनी मळ्याच्या बांधावर नेम धरायला सुरुवात केली. का, ते विचारू नका. मारायचं काही नव्हतं, पण हातात आलेली वस्तू वापरल्याशिवाय ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. बांधावर गाडगं ठेवायचे, बंदूक उजव्या खांद्याला लावायचे आणि मान अशी मुरडायचे की बघणाऱ्याची मान दुखावी. डोळा काही त्या भोकापाशी पोचायचा नाही, कारण लाकूडच त्यांच्या तोंडापासून पळायचं. सहा काडतुसं उडाली, गाडगं जसंच्या तसं. मी मनात म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. पण खरं सांगते, आमचं अंगण खरोखरच वाकडं होतं.

मालकांनी सुताराला बोलावलं. गावचा सुतार तोंडाळ माणूस. त्यानं बंदूक उलटसुलट केली, उंचवट्यावरून अंगठा फिरवला आणि निदान केलं.

“मालक, बंदुकीला गळू झालंय. तासून टाकतो, झाक सरळ व्हईल.”

मालकांना निदान पटलं. मला मात्र ते तासणं नको होतं. ते का, हे सांगायचं तर मला माझ्या हातापासून सुरुवात करावी लागेल.

मी डावरी. जन्मापासूनची. माहेरी आईनं जेवताना माझा डावा हात लुगड्याच्या चिंधीनं पाठीशी बांधून ठेवला, उलथन्याचा चटका दिला, देवापुढं नवस केला. मी उजव्यानं जेवायला शिकले, पण हात काही मनानं उजवीकडं गेला नाही. सासरी पहिल्याच दिवशी मी अव्वांपुढं डाव्या हातानं पानसुपारी धरली आणि त्यांनी ती घेतली नाही. आमच्या घरात कानडी चालायची. डाव्या हाताला कानडीत एडगै म्हणतात, साधा शब्द आहे, पण अव्वा तो शिवीसारखा म्हणायच्या. वाढायचं उजव्यानं, कुंकू उजव्यानं, दार उघडायचं ते उजव्यानं. विळी उजव्या माणसाची, कात्री उजव्या माणसाची, जात्याचा खुंटाही मला नेहमी दुसऱ्याच कुणाच्या हातचा वाटायचा. सात वर्षं मी त्या घरात स्वतःच्याच हाताची पाहुणी होते.

आणि बंदूक पुसायचं काम माझ्याकडं होतं. दुपारी मालक आडतीवर, अव्वा झोपलेल्या. एकदा पुसता पुसता मी ती सहज खांद्याला लावली, जशी माझ्या हाताला सुचली तशी, डाव्या. तो बशीएवढा उंचवटा माझ्या डाव्या गालाखाली येऊन बसला. मान मुरडावी लागली नाही. डोळा उघडला तर समोर ते बारीक भोक, भोकात नळीच्या टोकाचा मणी आणि मण्यावर उतरंडीतलं सगळ्यात वरचं मडकं. मी दचकून बंदूक खाली ठेवली. मग पुन्हा उचलली. जगात कुणीतरी एक वस्तू माझ्या बाजूनं बनवली होती. त्या दिवसापासून रोज दुपारी मी रिकाम्या बंदुकीनं उतरंडीतली मडकी, कोनाड्यातला गणपती सोडून सगळा कोनाडा आणि भिंतीवरची पाल टिपत असे. पाल जिवंतच राहायची, त्यामुळं धर्म बुडाला नाही.

आता ते गळू तासलं तर माझं काय उरणार होतं? पण हे नवऱ्याला सांगायचं कसं? ‘अहो, तासू नका, मला ती बरोबर बसते,’ असं म्हटलं असतं तर पहिला प्रश्न आला असता की तू ती खांद्याला लावलीसच कशी.

मी दुसरी वाट धरली. झाकणावरचा कागद दाखवून म्हटलं, कसर लागली तर भोकाच्या कडेला करडी कड कशी? ह्या गोळ्यांच्या खुणा आहेत. कुणीतरी ह्याच गळवासकट पाच गोळ्या एका जागी घातल्यात. तासण्याआधी ती कुणाची होती, त्यानं ती कशी चालवली, एवढं तरी विचारा. नाही तर विलायती वस्तू बिघडवली म्हणून लोक हसतील. लोक हसतील हे मालकांना लागू पडायचं. शिवाय सोनारीच्या काळभैरवाचं दर्शन कधीचं राहिलं होतं आणि सोनारी परंड्याच्या वाटेलाच. देवाचं नाव काढल्यावर अव्वांनीच दशम्या बांधून दिल्या.

अशी आमची वरात निघाली. मालक, मी आणि बंदुकीची पेटी. सोनारीला माकडं फार. त्यांनी माझ्या हातातला नारळ नेला, मालकांच्या खिशातल्या शेंगा नेल्या आणि बंदुकीची पेटी उघडून बघता येईना म्हणून तिच्यावर बसून राहिली. देवाचं दर्शन घेऊन आम्ही परंड्याला गेलो आणि साहेबाचं कोण ओळखीचं आहे असं विचारत किल्ल्याच्या खालच्या आळीला पोचलो. तिथं साहेबाचा खानसामा राहत होता. चाळीस वर्षं साहेबाचं जेवण रांधलेला म्हातारा. पेटी बघताच तो उठून उभा राहिला आणि त्यानं पेटीला सलाम केला.

मालकांनी त्याला लाकडावरचा उंचवटा दाखवला आणि हा दोष कशानं आला म्हणून विचारलं. म्हातारा हसत सुटला.

“ये दोष नै सेठ. साब की सीदी आँख जाती रही. फिर उल्टे हात के लिए ये बंदूख बनवाए.”

गोष्ट अशी होती. साहेब तरुणपणी नामांकित नेमबाज. शिकारीचा शौक नाही, फक्त कागदावर नेम. पन्नाशीत उजव्या डोळ्यात पडदा आला आणि उजव्या खांद्यावरून काही दिसेना. दुसरा माणूस गप्प बसला असता. साहेबानं विलायतेतल्या बंदूकवाल्याला पत्र घातलं की मी आता डावा होणार, मला डाव्या माणसाची बंदूक पाठव. त्याचं उत्तर आलं की अंगाची मापं पाठवा. परंड्यात बंदुकीची मापं कोण घेणार? खानसाम्यानं शिंप्याला आणलं. शिंप्यानं साहेबाचा हात, मान, गालापासून खांदा असं सगळं फितीनं मोजलं, आणि अंगरख्याला ठेवतात तशी दोन बोटं ढिलाई जास्त धरू का, म्हणून विचारलं.

बंदूक आली, पण साहेबाचा हात उजवाच. मग त्यानं वर्षभर डाव्याची तालीम केली. डाव्यानं लिहायचा, डाव्यानं दाढी करायचा आणि तोंड रक्तानं माखून न्याहारीला यायचा. डाव्यानं चमचा धरायचा, त्यात सूप निम्मं दाढीवर. पहिल्या महिन्यात खानसाम्याची सुराही फुटली, दुसऱ्या महिन्यात शेजाऱ्याच्या कोंबड्यानं बांग द्यायची सोडली. आणि वर्ष भरलं त्या दिवशी साहेबानं पाच गोळ्या एका जागी घातल्या, खानसाम्याला मिठी मारली, आपला गरम कोट काढून त्याच्या अंगात घातला आणि तो कागद झाकणाला चिकटवला. म्हाताऱ्यानं आतून तो कोट आणून दाखवला. त्याला तो आखूड होत होता.

“साब ठिंगने थे,” माझ्याकडं बोट दाखवून तो म्हणाला, “बस, इत्तेच.”

परतीच्या वाटेवर मालक खूश होते आणि मी चिडले होते. इतकी की दशमी तशीच पुन्हा बांधून ठेवली. एक माणूस पन्नासाव्या वर्षी डावा व्हायला वर्षभर घासतो आणि जमलं म्हणून मिठ्या मारतो, कोट वाटतो. मी फुकटात तयार होऊन आले तर मला चिंधी आणि चटका. कुठल्या देवाकडं ह्याचा जाब मागायचा ते मला त्या वेळी कळेना. काळभैरव तर मागं राहिला होता.

मला वाटलं होतं, निदान गळू तरी वाचलं. मालकांच्या डोक्यात निराळंच शिजलं होतं. साहेबाला जमलं तर मला का नाही? घरी पोचताच त्यांनी जाहीर केलं की आजपासून डाव्याची तालीम. आणि माझ्या डोळ्यांदेखत, ज्या पाटावर मी सात वर्षं डावा हात पदराखाली लपवून जेवले, त्या पाटावर माझा नवरा डाव्या हातानं आमटीभाकरी कालवायला बसला. अव्वांनी बघितलं. मी वाट पाहत राहिले. अव्वा म्हणाल्या की बापईमाणसाचं काम असतं, करावं लागतं. मी चुलीत लाकूड जरा जोरातच सारलं.

पुढचे दोन महिने आमच्या घरात जो गोंधळ झाला त्याला तोड नाही. मालकांनी लातूरच्या एका व्यापाऱ्याला डाव्या हातानं पत्र लिहिलं. आठव्या दिवशी त्या भल्या माणसानं आपला भाचा पाठवला, सोबत लकव्यावरच्या तेलाची बाटली. आडतीवर डाव्यानं तराजू धरला तर शेतकरी पोतं उचलून दुसऱ्या दुकानाकडं वळायला लागले. दाढी मात्र त्यांनी न्हाव्याकडूनच करून घेतली, एवढं शहाणपण शिल्लक होतं. नेमाचं म्हणाल तर गाडगं अजून धडधाकट होतं आणि काडतुसं तीनच उरली. जर्मनीची लढाई चालू, नवी काडतुसं कुठून मिळणार?

शेवटी सुतारानंच चारचौघांत गळू तासायचा विषय काढला. तेव्हा मालकांनी अट घातली. खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं-अवजारं पुजतात, आडतीचा तराजूही पुजतात, आणि बोकड कापायच्या जागी कोहळा फोडतात. यंदा कोहळा सुरीनं न फोडता मी बंदुकीनं फोडणार, मालक म्हणाले. फुटला तर बंदूक आहे तशी राहील. नाही फुटला तर दसरा उरकल्यावर गळू तासून टाक. तो शब्द गावभर झाला. मी नवऱ्यासाठी त्या नवरात्रात जेवढे जप केले तेवढे आयुष्यात केले नव्हते, आणि सगळे स्वार्थासाठी.

खंडेनवमीला सकाळी पाटावर नांगराचा फाळ, विळे, विलायती तराजू, सुताराचा रंधा आणि मधोमध बंदूक मांडली. अव्वांनी जातीनं पूजा केली. भिजवलेल्या विभूतीचे आडवे पट्टे ओढले, नळीला झेंडू बांधला. मग सगळा गाव मळ्यात. पंचवीस पावलांवर बांधावर कोहळा, कुंकवानं लाल केलेला. मालकांनी बंदूक डाव्या खांद्याला लावली आणि बराच वेळ तशीच धरली. पहिली गोळी बांधात शिरली. दुसरी कुठं गेली ते आजवर कुणाला ठाऊक नाही. पोरं हसली, सुतारानं मिशीला पीळ दिला. मालकांनी बंदूक खाली केली. घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. डोळ्यापुढं सगळं पांढरं दिसतंय, ते हळूच म्हणाले.

मला त्यांचा राग होता, पण ते पांढरं दिसणं ऐकून राग मागं पडला. साहेबासारखा ह्यांचाही डोळा जातो की काय? मी बायकांतून उठून पुढं गेले, बंदूक हातात घेतली आणि चकतीकडं बघितलं. सुईएवढं भोक अव्वांच्या विभूतीनं गच्च लिंपलेलं होतं. देवाच्या अंगाऱ्यातून माझा नवरा नेम धरत होता. मी अंबाड्यातला आकडा काढला, भोक कोरलं, फुंकर घातली आणि बंदूक त्यांच्यापुढं धरली. सांगितलं काहीच नाही. त्यांच्या आईचं नाव चारचौघांत कशाला घ्यायचं? त्यांनी ती घेतली नाही. दोन्ही हात ते सदऱ्याला पुसत राहिले.

तेवढ्यात मागून अव्वांचा आवाज आला. कोहळा कुंकू लावून तसाच ठेवला तर वर्षभर घराला लागतं, आणि तो फुटल्याशिवाय आज कुणाच्या पोटात अन्न जाणार नाही. सुरी घरी राहिली होती. मग त्या थेट मला म्हणाल्या.

“आता बघत काय बसलीस? रोज दुपारी मडकी टिपतीस ती काय म्या बघत न्हाय व्हय? फोड.”

सात वर्षं मला वाटत होतं त्या दुपारी झोपतात.

मी मालकांकडं बघितलं. त्यांनी शेवटचं काडतूस माझ्या हातात ठेवलं. मी पदर खोचला आणि बंदूक डाव्या खांद्याला लावली. गाल उंचवट्यावर टेकला, भोकात मणी आला, मण्यावर लाल कोहळा. पुढचं मला आठवत नाही. खांद्याला धक्का बसला आणि कोहळ्याच्या फोडी सुताराच्या धोतरावर उडाल्या, एवढं मात्र स्वच्छ आठवतं.

बाईनं, तेही डाव्या हातानं, बळी दिला. तो देवाला चालतो का, अशी कुजबुज सुरू झाली. अव्वांनी ती वाढू दिली नाही. त्यांनी निवाडा दिला की बंदुकीचं सगळं वजन उजव्या हातानं पेललं होतं, डाव्याचं काय ते एक बोट. एका बोटाचं देव मनावर घेत नाही. सुतारानं रंधा पुसून घरी नेला.

निजामाचं राज्य गेलं त्या वर्षी हत्यारं जमा करायची दवंडी आली. कापड घ्यायचं होतं म्हणून मीही मालकांबरोबर लोहाऱ्याला गेले. तिथं टेबलामागं नवा कारकून होता. पेटीतून बंदूक काढून त्यानं ती उजव्या खांद्याला लावून बघितली, मान मुरडली आणि वहीत लिहिता लिहिता म्हणाला, लाकडात दोष आहे.

मालक कचेरीत कधी आवाज चढवत नसत. तेव्हाही चढवला नाही.

“दोष लिहू नका, साहेब. ती डाव्या हाताच्या माणसाची हाय. आमच्या घरात तसं माणूस हाय.”

कारकुनानं मान वर करून विचारलं, कोण? मालकांनी माझ्याकडं बोट केलं. कारकुनानं दोष खोडला आणि त्या जागी काय लिहावं हे न कळून ती जागा कोरी सोडली. बंदूक परत मिळाली नाही. मी झाकणावरचा कागद तेवढा सोडवून घेतला होता.

परत येताना गाडीत दोघंच होतो. मला रडू आवरत नव्हतं आणि ते बैलांकडं बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी खिशातून भाजक्या शेंगा काढल्या आणि माझ्यापुढं मूठ धरली. मी पदराखालचा डावा हात बाहेर काढून पुढं केला, आणि त्यांनी त्यात शेंगा ओतल्या.